कामावर निघालेल्या लेकीचा चेहरा

सकाळी साडेसातच्या एस. टी. त हल्ली एकदा नजर टाकून पाहा. पूर्वी या गाडीला बाजाराच्या पाट्या आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे असत. आता निम्म्या गाडीत मुली आणि सुना दिसतात. कोणी पतसंस्थेत रोखपाल, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी दूध संकलन केंद्रावर फॅट लावायला, कोणी दवाखान्यात परिचारिका, तर कोणी बचत गटाची बँक सखी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले आणि ही गर्दी आणखी वाढली. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि छत्री. डोळ्यांत मात्र एक धाकधूक, की आपण नीट दिसतोय ना?

ही धाकधूक खोटी नव्हे आणि हसण्यावारी नेण्यासारखीही नव्हे. घरात, रानात आपल्याला सगळे ओळखत असतात. तिथे चेहऱ्याला कोणी काही विचारत नाही. पण खिडकीच्या पलीकडे अनोळखी माणूस उभा राहतो, तेव्हा तो आधी आपला चेहरा पाहतो आणि मग आपले काम पाहतो. अशा वेळी काय लावावे, किती लावावे आणि काय मुळीच लावू नये, हे आईने शिकवलेले नसते, कारण आईने नोकरी केलेली नसते. म्हणून आज थोडे या विषयावर.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगते. धाकट्या दिरांची मुलगी बी. कॉम. झाली आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लागली. घरातली पहिली नोकरी. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीने, जिचा पार्लरचा कोर्स झालेला होता, तिला सजवले. तिला नवरी सजवण्याचेच शिक्षण मिळालेले, तेव्हा तिने नवरीच सजवली. चेहऱ्यावर जाड थर, गालावर लाली, ओठ लालभडक. अकराला वीज गेली. पंखा बंद. बारापर्यंत घामाचे ओघळ थरातून खाली उतरले. खिडकीशी आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अगदी निर्मळ मनाने विचारले, "काय वो ताई, आज हळद हाय का कुणाची?" सगळी कचेरी हसली. पोरीने मागच्या नळावर जाऊन तोंड धुतले आणि दिवसभर मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती काहीच न लावता जाऊ लागली. तेवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. पण मनात एक काटा राहिला, की आपण सावळ्या आहोत म्हणून रंग खुलत नाही. मग कोणीतरी दिलेली एक डबी आली. "सात दिवसांत गोरी." त्या डबीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी कामाचे बोलू.

आधी पाया, मग रंग

नोकरीवरचा शृंगार आणि लग्नातला शृंगार यांत बी आणि फुलाइतका फरक आहे. लग्नात चेहरा लांबून, दिव्यांच्या झोतात दिसायचा असतो. कचेरीत तो हातभर अंतरावरून, दिवसाच्या उजेडात दिसतो. त्यामुळे इथला एकच नियम लक्षात ठेवा : लावलेले दिसू नये, लावल्याचा परिणाम दिसावा. समोरच्याला वाटावे, ही मुलगी झोप नीट झालेली, नीटनेटकी आणि कामात लक्ष असलेली आहे.

जमीन तयार न करता पेरणी करत नाहीत. तसेच इथेही. सकाळी शेणपाणी, चूल, डबे झाल्यावर तोंड गार किंवा कोमट पाण्याने, सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुवा. कपड्याच्या साबणाने चेहरा धुण्याची सवय काही घरांत अजून आहे, ती सोडा. त्याने कातडीचे स्वतःचे तेल निघून जाते आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. चेहरा किंचित ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर वाटाण्याएवढे घेऊन लावा. चेहरा तेलकट असेल तर पातळ, जेलसारखे घ्या. कोरडा असेल तर घट्ट क्रीम घ्या. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी चेहऱ्याला खोबरेल तेल लावून बाहेर पडू नये, त्याने रंध्रे बुजतात.

त्यानंतर उन्हाचे क्रीम, म्हणजे सनस्क्रीन. शहरातले चोचले म्हणून याला हसू नका. ज्या बायका वस्तीवरून फाट्यापर्यंत चालत येतात, दुपारी वसुलीला किंवा सर्वेक्षणाला घरोघर फिरतात, त्यांच्या गालांवर वांग उमटतात, ते पुष्कळदा उन्हानेच वाढतात. डबीवर 'एस. पी. एफ. ३०' किंवा जास्त लिहिलेले असावे. मधल्या दोन बोटांवर दोन रेघा मावतील इतके क्रीम चेहरा आणि मान मिळून लागते. घरातून निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावा. उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. ते परवडत नसेल तर सुती ओढणी आणि छत्री यांना कमी समजू नका. दोन्ही मिळाले तर उत्तमच.

दहा मिनिटांचा शृंगार

आता रंगाचे. पहिल्यांदा लावणारीने यांतले सगळे एकदम करू नये. आज काजळ, पुढच्या आठवड्यात ओठ, असे एकेक जमवावे.

चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसावा असे वाटत असेल तर रंगाचे हलके क्रीम, ज्याला दुकानात बीबी क्रीम म्हणतात, ते पुरते. ते घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नका आणि हाताच्या पंजावरही लावून पाहू नका, कारण पंजाचा आणि तोंडाचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला थोडे लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि आरशात पाहा. जो रंग कातडीत मिसळून दिसेनासा होतो, तो आपला. एक छटा उजळ घेण्याचा मोह होतो, तिथेच घात होतो. मग चेहरा एका रंगाचा, मान एका रंगाची, आणि बाई पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. वाटाण्याएवढे क्रीम घेऊन कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी असे पाच ठिकाणी ठिपके ठेवा आणि बोटांनी बाहेरच्या बाजूला पसरवा. जबड्याखाली मानेपर्यंत हात न्या.

पावडर सगळ्या तोंडावर थापू नका. तेल सुटते ते कपाळ, नाक आणि हनुवटी येथे. तेवढ्याच जागी कापसाच्या बोळ्याने टिपल्यासारखी लावा आणि उरलेली झटकून टाका. भुवया एका स्वच्छ, जुन्या मऊ ब्रशने वरच्या दिशेने विंचरल्या तरी चेहरा जागा झाल्यासारखा दिसतो. भुवया कोरून घ्यायच्या असतील तर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी करा, म्हणजे लाली आणि पुरळ आले तर ओसरायला वेळ मिळतो. दोरा तुमच्यासमोर नवा तोडायला सांगा.

डोळ्यांना काजळाची एक बारीक रेघ पुरे. पसरत असेल तर रेघ ओढण्यापूर्वी डोळ्याखाली किंचित पावडर टिपा. काजळाची कांडी बहिणीबहिणींत, नणंद-भावजयीत वापरायची नाही. डोळे आलेले असतील तर मुळीच लावायचे नाही, आणि ती कांडी नंतर फेकून द्यायची. काजळ फार तर सहा महिने वापरावे. बाजारात खड्याची पूड म्हणून सुरमा मिळतो, त्यापासून लांब राहा. त्यात बहुधा शिशाचे खनिज असते आणि शिसे शरीरात साठत जाते. हीच पूड तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालणे तर फारच वाईट.

ओठ फुटलेले असतील तर त्यावर कोणताही रंग शोभत नाही. रात्री झोपताना तूप किंवा व्हॅसलीन लावा. दिवसा ओठांच्या मूळ रंगाहून एक-दोन छटा गडद असा रंग निवडा. सावळ्या आणि गव्हाळ चेहऱ्याला विटकरी, तपकिरी-गुलाबी, फिकट डाळिंबी असे रंग जुळतात. पांढुरका गुलाबी चेहऱ्याला आजारी करतो. कांडी थेट ओठांवर ओढू नका. बोटाच्या टोकावर घेऊन ओठांच्या मध्यापासून बाहेर थोपटा आणि कागदाने टिपा. चहा प्यालात तरी तो वेडावाकडा निघत नाही, हळूहळू फिका होतो.

एवढे झाल्यावर आरसा घेऊन दाराशी या. चेहरा नेहमी दिवसाच्या उजेडात तपासावा. केस घट्ट बांधलेले, नखे कापलेली, कपडे घामाचा वास न येणारे असावेत. या तीन गोष्टी कोणत्याही डबीपेक्षा जास्त काम करतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिल्यांदा हे सारे रुजू होण्याच्या सकाळी करू नका. आधीच्या रविवारी करा. लावून भाकरी करा, पाणी भरा, बाजाराला जाऊन या. चार तासांनी आरशात पाहा. काय ओघळले, काय खाजले, काय टिकले ते कळेल. नवी वस्तू चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस वाट पाहा. खाज, पुरळ किंवा लाली आली तर ती वस्तू आपली नव्हे.

काम पाहून शृंगार

प्रत्येक कामाची रीत वेगळी असते. दवाखान्यात काम असेल तर नखे आखूड, नेलपेंट नाही आणि उग्र अत्तर नाही, कारण रोग्याला वास सोसत नाही. अंगणवाडीत, भोजनालयात, दुधाच्या किंवा मसाल्याच्या कामात अन्नाला हात लागतो. तिथेही नखांचा रंग नको, त्याचा टवका अन्नात पडू शकतो. शाळेत मुले तासभर तुमच्याकडेच पाहत असतात, तेव्हा लोंबते, चमकते असे काही नको, नाहीतर धडा राहतो बाजूला. बँकेत, पतसंस्थेत समोरचा माणूस आपल्या पैशांच्या काळजीत असतो. त्याला शांत, स्वच्छ चेहरा हवा असतो. फिरतीचे काम असेल तर रंग जवळजवळ नकोच. उन्हाचे क्रीम, ओठांना थोडे तेलकट काही आणि पिशवीत एक स्वच्छ रुमाल एवढ्यावर भागते. घाम रुमालाने टिपायचा, चोळायचा नाही.

आणि ज्या मुलीला काहीच लावायचे नाही, तिने लावू नये. धुतलेला चेहरा हासुद्धा नीटनेटकाच चेहरा आहे.

कपाळ

आपल्याकडे शृंगार टिकलीपासून सुरू होतो. आमच्या सासूबाई अजून मेण लावून त्यावर कुंकू टेकवतात. करमाळा तालुक्यातल्या केम गावचे कुंकू त्यांना लागते. सुनांना आणि नातींना चिकटवायची टिकली सोयीची, आणि कचेरीत लहानशी टिकली शोभतेही. पण एक जपा. काही टिकल्यांच्या डिंकात असे रसायन असते, की ते रोज त्याच जागी लागले तर काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. आधी खाज येते, मग रंग जातो. म्हणून टिकली रात्री काढा, जागा धुवा आणि काल लावलेली टिकली आज पुन्हा चिकटवू नका. खाज आली की टिकली बंद करा. डाग दिसला तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. तो कोड आहे असे ठरवून मुलीला कोपऱ्यात बसवू नका. भांगात भरण्याचा जुना नारिंगी शेंदूर म्हणजे पुष्कळदा शिशाचे ऑक्साइड. तो देवाला ठेवा आणि आपल्यासाठी हळदीचे कुंकू वापरा.

इथे आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. धनी गेल्यावर मुलांसाठी कामाला बाहेर पडलेल्या कितीतरी भगिनी आपल्या गावात आहेत. नीटनेटके राहावे असे त्यांनाही वाटते. पण टिकली लावली, ओठाला जरा काही लावले, की पारावरची तोंडे सुरू होतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव कागदावर होतो, पण तो खरा होतो आपल्या ओट्यावर. शेजारीण टिकली लावून कामाला निघाली, तर "बरी दिसतेस गं" एवढे म्हणावे. तिला त्या दोन शब्दांची गरज कोणत्याही डबीपेक्षा जास्त असते.

त्या डबीचे काय झाले

आता पुतणीकडे वळू. डबीतले क्रीम लावल्यावर आठ दिवसांत चेहरा खरोखर उजळला. घरात कौतुक झाले. महिन्याभराने गाल लाल राहू लागले, उन्हात आग होऊ लागली, बारीक पुरळ उठले. क्रीम थांबवले की आणखी वाढे, म्हणून ती पुन्हा लावी. शेवटी रडत माझ्याकडे आली. "काकू, मला आता तोंड बांधूनच जावं लागतंय." तालुक्याच्या कातडीच्या डॉक्टरांनी डबी पाहिली. त्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवान्याचा क्रमांक नाही, आत काय आहे ते नाही. चेहरा पाहून ते म्हणाले, हे स्टेरॉइडचे काम दिसते. स्टेरॉइड हे रोगावरचे औषध आहे, पण चेहऱ्याला रोज चोळले तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, केस उगवतात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांतली नावे ध्यानात ठेवा. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी चोरवाटा आहेतच. ज्यांनी असे क्रीम बरेच दिवस लावले आहे त्यांनी ते मनाने एकदम थांबवू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावे.

दुसरी जात याहून वाईट, ती म्हणजे पाऱ्याची क्रीमे. कातडीला रंग देणारे द्रव्य शरीरच तयार करते. तेच आपल्याला उन्हापासून वाचवणारी छत्री असते. पारा ते तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटकन उजळतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम भागात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रोगी येऊ लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्यांतले बरेच जण गोरेपणाची क्रीमे वापरणारे निघाले. आपल्या अकोल्यातूनही त्याच वर्षी एकाच घरातल्या बायकांची अशी बातमी आली. पाय आणि चेहरा सुजणे, लघवीला फार फेस येणे ही त्याची लक्षणे. पारा टॉवेलला, उशीला लागतो आणि घरातल्या लेकरांपर्यंतही पोचतो.

ओळखावे कसे? डबीवर 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल' असे काही असेल तर ती तिथेच ठेवा. "सोन्या-चांदीला लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर ती पाऱ्याचीच खूण समजा, कारण पारा सोन्याला धरतो. जे मंगळसूत्राला चालत नाही, ते गळ्याला कसे चालेल? आणि डबीवर काहीच लिहिलेले नसेल तर तीच सर्वांत मोठी सूचना. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी, या पाच गोष्टी असल्याशिवाय चेहऱ्याला काही लावू नका. खतांची गोणी घेताना आपण लेबल वाचतो, पावती मागतो. पिकाला जी काळजी, ती लेकीच्या तोंडाला नको का?

गोरेपणाची हाव आजची नाही. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली कंपनीने त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. डबीवरचे नाव बदलले, पण मुलगी दाखवताना "रंगाने जरा कमी आहे" हे आपले वाक्य अजून बदललेले नाही. खरे तर माझ्या पुतणीला ती डबी कोणी दिली हे महत्त्वाचे नाही. तिला ती हवीशी वाटली, त्याला आम्ही घरातली माणसेच कारण होतो. लहानपणापासून आम्हीच तिला "आमची काळी मैना" म्हणत आलो होतो.

तिचा चेहरा निवळायला सात-आठ महिने लागले. आता ती तोंड धुते, उन्हाचे क्रीम लावते, काजळाची एक रेघ ओढते आणि लहानशी टिकली लावते. रात्री कितीही दमली तरी बोटभर तेलाने काजळ पुसून तोंड धुतल्याशिवाय झोपत नाही. हा नियम तुम्हीही मोडू नका. दिवसभराचा रंग आणि धूळ घेऊन झोपणे म्हणजे भिजलेला कडबा तसाच गंजी लावणे.

परवा मी पतसंस्थेत ठेवीची पावती करायला गेले. खिडकीशी तोच म्हातारा शेतकरी उभा होता. चष्मा विसरला होता. पुतणीने त्याला फॉर्म वाचून दाखवला, अंगठ्याची जागा दाखवली, पैसे दोनदा मोजून दिले. जाताना तो म्हणाला, "ताई, तुझ्याच खिडकीला येतो बघ मी." ती हसली. तिने ओठाला काय लावले होते, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "तोंड धुतलेलं असावं आन मन जाग्यावर असावं. बाकी समदं टिकलीएवढं."